हापूसची पेटी, कॉलेजची फी आणि भारत-अमेरिका व्यापाराचा हिशेब

माझ्या बहिणीचा मुलगा ऑगस्ट २०२३ मध्ये एमएस करायला अमेरिकेला गेला. पहिल्या सेमिस्टरची फी पाठवायला मी तिच्यासोबत बँकेत गेलो होतो. काउंटरवरच्या मॅडमनी परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म दिला आणि एका चौकोनात लिहायला सांगितलं, एस०३०५. ताईने विचारलं हे काय, तर म्हणाल्या पर्पज कोड आहे, शिक्षणासाठी पैसे बाहेर चाललेत म्हणून. मी बारा वर्षं न्हावा शेवा बंदरावर एक्सपोर्टच्या कागदपत्रांचं काम करतो, शिपिंग बिल, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट यातच दिवस जातो, पण तो कोड लिहिताना मला पहिल्यांदा नीट जाणवलं की ताई आत्ता अमेरिकेकडून इम्पोर्ट करतेय. कंटेनर नाही, कस्टम नाही, बोट नाही, तरी इम्पोर्टच.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे गेले वर्षभर टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर भारत-अमेरिका व्यापार, टॅरिफ (म्हणजे जकात), तूट हे शब्द इतके ऐकले पण त्यातलं नेमकं काय मोजतात हे कुणी सांगतच नाही. आणि मोजायची पद्धत माहीत नसेल तर आकडा कुठूनही कुठेही फिरवता येतो. म्हणून जमेल तसं सांगतो.

दोन देशांमधला व्यापार म्हणजे दोन वेगवेगळ्या वह्या समजा. एक मालाची, एक सेवांची. मालाची वही कस्टमवाले लिहितात, सेवांची वही मुख्यतः बँकांकडून आलेल्या माहितीवर तयार होते. पहिल्या वहीत प्रत्येक वस्तूला एचएस कोड, म्हणजे तिच्या प्रकाराचा ठरलेला नंबर, असतो, दुसऱ्या वहीत प्रत्येक पेमेंटला पर्पज कोड. बातमीत जी "व्यापार तूट" (विकलं त्यापेक्षा घेतलं जास्त) असते ती बहुतेक वेळा फक्त पहिल्या वहीची असते, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

आधी मालाची वही. एचएस कोडचे पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात सारखे असतात. आंब्याचा ०८०४५०, हाच कोड मुंबईतही चालतो आणि न्यूयॉर्कलाही, पुढचे आकडे प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो, आपल्याकडे एकूण आठ आकडी असतो. एक्सपोर्टरकडे डीजीएफटीचा (परकीय व्यापाराचं सरकारी खातं) आयईसी नंबर, म्हणजे एक्सपोर्ट-इम्पोर्टची नोंदणी, लागते, मग कस्टमकडे शिपिंग बिल फाइल होतं, त्यात कोड, वजन, किंमत, कुठल्या देशात चाललंय हे सगळं येतं आणि तिथून तो आकडा सरकारच्या हिशेबात जातो. पलीकडे अमेरिकन कस्टम तोच माल इम्पोर्ट म्हणून आपल्या वहीत लिहितं.

आता गंमत बघा, एकच माल दोघांनी लिहिला तरी आकडे जुळत नाहीत. आपल्या सरकारच्या हिशेबाने २०२४-२५ मध्ये आपण अमेरिकेला साधारण साडेशहाऐंशी अब्ज डॉलरचा माल विकला आणि ४५ अब्जांच्या आसपास घेतला. अमेरिकेच्या २०२४ च्या हिशेबात त्यांनी आपल्याकडून ८७ अब्जांच्या वर घेतलं आणि ४२ अब्जांच्या जवळपास विकलं. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) यात कुणी खोटं बोलत नाहीये. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. आपण इम्पोर्ट मोजताना जहाजभाडं आणि विमा धरून मोजतो, ते सहसा तो न धरता मोजतात. शिवाय माल मध्येच कुठे उतरून पुढे गेला तर आपल्या वहीत एक देश आणि तिकडच्या वहीत दुसराच हिशेब पडतो. नाशिकची युरोपात जाणारी द्राक्षं घ्या, बरीचशी रॉटरडॅमला उतरतात, कागदावर नेदरलँड्स, मग ट्रकने जर्मनी नाहीतर अजून कुठे. डच लोक एवढी द्राक्षं खात नाहीत, त्यांचं बंदर मोठं आहे इतकंच.

पण मालाच्या वहीत याहून मोठा प्रश्न आहे तो असा, की तिथे पूर्ण किंमत लिहिली जाते, त्यातलं आपलं किती हे लिहिलं जात नाही. आपण अमेरिकेला जे सगळ्यात जास्त पाठवतो त्यात आता स्मार्टफोन वरच्या नंबरवर आहे. फोन तामिळनाडूत नाहीतर कर्नाटकात जोडला जातो पण आतले बरेच सुटे भाग चीन, कोरिया, तैवानकडून येतात. फोन अमेरिकेला गेला की पूर्ण किंमत भारताच्या नावावर, आणि सुटे भाग आले ते आपल्या चीनबरोबरच्या तुटीत. हिऱ्याचंही तेच, कच्चा हिरा आफ्रिकेतून किंवा रशियातून निघतो, दुबई किंवा अँटवर्पमार्गे सुरतला येतो, तिथे पैलू पडतात, मग बीकेसीच्या हिरे बाजारातून किंवा अंधेरीच्या सीप्झ या एक्सपोर्टसाठीच्या औद्योगिक वसाहतीत दागिन्यात बसून अमेरिकेला. घाटकोपर, बोरिवली, विरारहून रोज सीप्झला जाणाऱ्या कारागिराची मजुरी त्या किमतीत छोटा तुकडा आहे, पण वहीत अख्खा दागिना भारताचा.

त्यामुळे आपण अमेरिकेबरोबर सरप्लसमध्ये (विक्री जास्त, खरेदी कमी) आणि चीनबरोबर तब्बल ९९ अब्ज डॉलरच्या तुटीत (२०२४-२५), या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच साखळीची दोन टोकं आहेत. रशियाचं बघा, त्याच वर्षी एकूण व्यापार ६८ अब्जांच्या वर आणि त्यात आपली विक्री पाच अब्जसुद्धा नाही, बाकी जवळजवळ सगळं आपलं खरेदी केलेलं, त्यात मुख्य कच्चं तेल. त्याच तेलाचं डिझेल बनून परत कुठेतरी विकलं जातं. मग एका देशासोबतची तूट घेऊन "आपण लुटले गेलो" किंवा "आपण जिंकलो" म्हणण्याला काय अर्थ आहे? माझं तर स्पष्ट मत आहे की एका देशापुरती तूट हा फार तर पत्ता आहे, माल कुठून आला आणि कुठे गेला एवढं सांगतो, नफा-तोटा त्यावरून काढू नये.

आंब्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी कारण टॅरिफ म्हणजेच व्यापारातली अडचण असं लोकांना वाटतं आणि ते अर्धंच खरं आहे. आपल्या आंब्याला अमेरिकेत १८ वर्षं बंदी होती, जकातीमुळे नाही, कोयीतल्या किड्यामुळे आणि फळमाशीमुळे. २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हा अणुकराराच्या चर्चेबरोबर आंब्याचंही ठरलं आणि एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप गेली. त्याच सुमाराला आपण त्यांच्या हार्ले डेव्हिडसनसारख्या मोठ्या मोटरसायकलींना दार उघडलं. व्यापाराच्या वाटाघाटीत असंच असतं, एकाच्या पारड्यात फळ, दुसऱ्याच्या पारड्यात इंजिन.

अट काय, तर प्रत्येक आंब्याला विकिरणाची, म्हणजे किरणांचा मारा करून कीड निकामी करायची ट्रीटमेंट, कमीत कमी ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप). त्यासाठी सुरुवातीला लासलगावचं केंद्र वापरलं, जे कांद्यासाठी बांधलेलं होतं, नंतर वाशीला पणन मंडळाचं केंद्र झालं. आणि हे सगळं अमेरिकेच्या कृषी खात्याच्या इन्स्पेक्टरसमोर व्हायला लागतं, तो इथे येतो, त्याचा खर्च आपण करायचा. कोविडमध्ये २०२० ला इन्स्पेक्टर येऊ शकले नाहीत तर एक्सपोर्टच बंद, तो २०२२ ला सुरू झाला. दोन वर्षं आंबा पिकत होता, तिकडे घेणारे होते, जकात होती तेवढीच होती, विमानंही नंतर उडायला लागली, फक्त एक माणूस येत नव्हता.

मी आंब्याच्या सीझनला वाशीला एक-दोनदा गेलोय. पॅकहाऊसमध्ये फळ धुऊन, वजनाप्रमाणे निवडून खोक्यात भरतात, खोक्याच्या भोकांना बारीक जाळी कारण ट्रीटमेंटनंतर माशी आत शिरता कामा नये, प्रत्येक खोक्यावर लॉट नंबर, केंद्राचा नंबर, तारीख. बायका खोक्याची एकेक कड बोट फिरवून बघतात, टेप जरा उचललेली दिसली की बाजूला. मग खोकी ट्रॉलीवर चढून भिंतीपलीकडे जातात आणि फिरून बाहेर येतात. फळाचा वास, रंग तोच असतो. त्यानंतर फॉर्मवर इन्स्पेक्टरची सही, आणि त्या रात्रीच्या फ्लाइटला कार्गो.

त्या सहीची किंमत मे २०२५ मध्ये सगळ्यांनी पाहिली. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, अटलांटा इथे पोचलेल्या पंधरा शिपमेंट कागदातल्या त्रुटीमुळे नाकारल्या. फळावर ट्रीटमेंट झालेली होती, किडा सापडला असं नव्हतं, कागद त्यांच्या मते बरोबर नव्हता. दोनच पर्याय होते, परत न्या किंवा तिथेच नष्ट करा, आणि परत आणायचं विमानभाडं आंब्याला परवडतच नाही, त्यामुळे माल तिथेच नष्ट. आमच्या कामातसुद्धा एकदा पॅकिंग लिस्टमध्ये ४८० खोक्यांच्या जागी ४०८ टाइप झालं होतं, माल तीन दिवस कार्गोला पडून राहिला, दुरुस्ती होईपर्यंत भाजी अर्धी पिवळी पडलेली. ती चूक मला अजून आठवते. टॅरिफवर मंत्री बोलतात, पण माल बऱ्याचदा अडतो तो प्रमाणपत्र, तपासणी, लेबल, फवारणीच्या औषधाचा अंश यावर, आणि याबद्दल शेतकऱ्याला कुणी धड समजावून सांगत नाही याचा मला खरंच राग येतो.

उलट्या दिशेने बदाम बघा. कॅलिफोर्नियाच्या बदामाचं जगातलं सगळ्यात मोठं बाहेरचं गिऱ्हाईक आपण. बराचसा कवचासकट येतो आणि दिल्लीच्या करावल नगरसारख्या भागात बायका तो फोडतात, सोलतात, निवडतात, मग तो वाशीच्या मार्केटला आणि तिथून आपल्या दिवाळीच्या डब्यात. २०१८ मध्ये अमेरिकेने स्टीलवर २५ टक्के आणि अॅल्युमिनियमवर १० टक्के जकात लावली, जून २०१९ मध्ये आपल्याला मिळणारी जीएसपीची सवलतही (विकसनशील देशांच्या काही मालाला जकातमाफी) काढली, तेव्हा आपण उत्तर म्हणून २८ वस्तूंवर जकात वाढवली, त्यात बदाम होता. कवचासकटच्या बदामावर किलोला ३५ रुपये होती ती ४१ केली. २०२३ मध्ये ती जादा जकात काढली. स्टीलचं भांडण आणि भुर्दंड बदामवाल्याला, हे असंच चालतं, कारण समोरच्या देशात जिथे राजकीय वजन आहे तिथली वस्तू बघून निवडतात.

आता दुसरी वही, सेवांची, जी मला जास्त महत्त्वाची वाटते कारण ती डोळ्यांना दिसतच नाही.

सेवा चार तऱ्हेने देशाबाहेर जाते. पहिली तऱ्हा, माणूस इथेच, काम तारेवरून तिकडे. माझी मावसबहीण पुण्यात घरी बसून अमेरिकेतल्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम करते, दर महिन्याला डॉलर येतात तेव्हा बँक विचारते पर्पज कोड काय, ती सांगते पी०८०२. ती एक्सपोर्टर आहे. तिच्या सोसायटीत कुणालाच असं वाटत नाही, तिला स्वतःलाही नाही, पण देशाच्या हिशेबात ती आणि रत्नागिरीचा आंबेवाला एकाच रांगेत उभे आहेत. दुसरी तऱ्हा, गिऱ्हाईकच सेवेकडे जातं, म्हणजे आमचा भाचा तिकडे शिकायला किंवा कुणी इकडे ऑपरेशनला. तिसरी, कंपनीच दुसऱ्या देशात ऑफिस किंवा शाखा उघडते. चौथी, माणूस थोड्या काळासाठी कामावर जातो, ऑनसाइट म्हणतो ना आपण, ती.

पहिल्या तऱ्हेत आता हिंजवडी, खराडी, ऐरोलीची ती मोठी मोठी ऑफिसं येतात, ज्यांना जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) म्हणतात. अमेरिकन बँक किंवा औषध कंपनी इथे स्वतःची कंपनी काढते, इथले लोक तिचं काम करतात, आणि ती इथली कंपनी आपल्याच आईला, म्हणजे तिकडच्या मूळ कंपनीला, बिल पाठवते. ते बिल म्हणजे भारताचा एक्सपोर्ट. अशी १,७०० च्या वर सेंटर २०२३-२४ मध्ये देशात होती, त्यात १९ लाखांच्या आसपास माणसं काम करत होती. २०२४-२५ मध्ये आपण सगळ्या जगाला मिळून साधारण ४३७ अब्ज डॉलरचा माल विकला आणि सेवा ३८७ अब्जांच्या. म्हणजे दुसरी वही आता पहिलीच्या जवळ जाऊन पोचलीय, आणि मालात जी आपली मोठी तूट असते तिचा बराच भाग हीच वही भरून काढते.

मग लोक म्हणतील अमेरिकेसोबत सेवांमध्येही आपण फार पुढे असणार. तर नाही. अमेरिकेच्याच हिशेबाने २०२४ मध्ये त्यांनी आपल्याला जवळजवळ ४२ अब्जांच्या सेवा विकल्या आणि आपल्याकडून जवळजवळ तेवढ्याच घेतल्या, फरक अगदी नावापुरता आणि तोही त्यांच्या बाजूने. आपण काय घेतो एवढं? एक तर शिक्षण. २०२३-२४ मध्ये तिथे ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, चीनलाही मागे टाकून पहिला नंबर. यात एक नियम फार कमी लोकांना माहीत असतो, विद्यार्थी कितीही वर्षं तिकडे राहिला तरी हिशेबात तो मूळ देशाचाच रहिवासी धरतात, म्हणजे फक्त फी नाही, तो रूमचं भाडं देतो, किराणा भरतो, बसचा पास काढतो, ते सगळं अमेरिकेने भारताला विकलेली सेवा म्हणून लिहिलं जातं. ताईने एफडी मोडून पाठवलेला प्रत्येक डॉलर तिकडच्या एक्सपोर्टमध्ये. दुसरं म्हणजे सॉफ्टवेअरचे परवाने, क्लाउडचं भाडं, जाहिराती, सिनेमा-मालिकांचे हक्क. तुमच्या दुकानाची जाहिरात फोनवर दिसावी म्हणून भरलेले पैसे, त्यातला काही भाग समुद्र ओलांडून जातो.

आणि काही गोष्टी तर कुठल्याच वहीत येत नाहीत. अमेरिकन कंपनीने चाकणला कारखाना टाकून इथेच माल बनवला आणि इथेच विकला तर तो व्यापार नाही, नफा पाठवला तर तो तिसऱ्याच खात्यात. धंदा मात्र झालाच ना.

हे सगळं समजलं की २ एप्रिल २०२५ चा तो तक्ता वेगळा दिसायला लागतो. ट्रम्पनी हातात धरलेल्या तक्त्यावर भारतासमोर ५२ टक्के आणि शेजारी, अमेरिका आपल्या मालावर लावणार तो दर म्हणून, २६ टक्के लिहिलं होतं. लोकांना वाटलं आपण त्यांच्यावर ५२ टक्के जकात लावतो. तसं नव्हतं. हिशेब असा होता, त्यांची भारतासोबतची मालाची तूट साधारण ४५.७ अब्ज, भागिले त्यांनी आपल्याकडून घेतलेला माल साधारण ८७.४ अब्ज. करून बघा कॅल्क्युलेटरवर, ०.५२ येतं. त्याचं निम्मं २६. आपल्या जकातीचा खरा दर त्यात कुठेच नाही. सेवा तर अजिबातच नाहीत. ताईची फी नाही, ३ लाख ३१ हजार घरांची फी नाही, परवान्यांचे पैसे नाहीत. एक वही उघडली आणि दुसरी बंदच ठेवली.

आपल्या जकाती जास्त आहेत ही त्यांची तक्रार खोटी नाही, शेतमालावर आणि गाड्यांवर आपण भरपूर लावतो, आणि त्यावर बोलणी व्हायलाच हवीत. पण दर काढायची ती रीत मला आजही पटत नाही.

पुढे ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के लागले आणि २७ ऑगस्टला रशियन तेलाच्या कारणाने आणखी २५, म्हणजे एकूण ५०. औषधं आणि स्मार्टफोन त्यातून बाहेर ठेवले होते, म्हणजे सगळ्यात मोठ्या वस्तूंना धक्का नाही, बसला कुणाला तर तिरुपूरचे कपडे, आंध्रची कोळंबी, सुरत-सीप्झचे हिरे-दागिने, जिथे हातांना काम जास्त असतं. जकात भरतो तो तिकडचा इम्पोर्टर, आपला एक्सपोर्टर नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. दहा डॉलरचा शर्ट, आधीची नेहमीची जकात सोडली तरी, त्याला पंधराला पडायला लागला. मग तो काय करतो, एक तर गिऱ्हाईकाकडून वसूल करतो, नाहीतर इकडे ईमेल टाकतो की अर्धं तुम्ही सोसा, नाहीतर पुढची ऑर्डर बांगलादेश-व्हिएतनामला देतो. तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या होतात.

त्या ऑगस्टमध्ये आमच्या ऑफिसला रात्री अकरा-बारापर्यंत दिवे चालू असायचे. नियमात एक सवलत होती, २७ तारखेच्या आधी जहाजावर चढलेला माल १७ सप्टेंबरच्या आत तिथे सोडवला तर जादा २५ टक्के लागणार नव्हते. फोनवर फोन, काहीही करा पण आमचा कंटेनर चढवा. पण न्हावा शेव्याहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जायला तेव्हा महिन्याच्या आसपास लागत होता कारण बरीच जहाजं तांबडा समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालून जात होती. म्हणजे २६ तारखेला चढवलेल्या मालाला त्या सवलतीचा उपयोगच नव्हता. एका कपडेवाल्याला मी हे कॅलेंडर समोर ठेवून, बोटाने दिवस मोजून दाखवलं. तो बराच वेळ त्या कॅलेंडरकडे बघत बसला, मग म्हणाला तरीपण चढवा, कापड शिवून झालंय. दर नंतर पुन्हा बदलले, पण त्या खेपेच्या बाबतीत जे व्हायचं ते होऊन गेलं.

भाच्याचं एमएस झालं, त्याला तिकडेच नोकरी लागली. आता त्याचा मुक्काम नोकरीसाठी आणि वर्षाहून जास्त, म्हणून हिशेबात तो अमेरिकेचा रहिवासी. गेल्या महिन्यात त्याने ताईला पहिल्यांदा पैसे पाठवले, एज्युकेशन लोनच्या हप्त्यासाठी. बँकेतून मेसेज आला, कोड पी१३०१, म्हणजे कुटुंबाच्या खर्चासाठी परदेशातल्या आपल्या माणसाकडून. हे पैसे व्यापारात धरत नाहीत, ना मालाच्या वहीत ना सेवांच्या, त्यांचं खातं वेगळं, रेमिटन्सचं. ताईने मला फोन करून विचारलं, आता हा कोड कसला? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी पाठवत होते तो इम्पोर्ट होता आणि हा पाठवतोय ते एक्सपोर्ट नाही का? म्हटलं नाही, हे नुसतं घरी आलेले पैसे.